शेजाऱ्यांचे आकडे जरूर काढा, पण खिशाचा रकाना वगळू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: आरोग्यखर्चाची शेजारी देशांशी तुलना आणि आर्थिक पाहणीत एका रकान्याची मागणी

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

मी हिशेबनीस माणूस. अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याची आर्थिक पाहणी सभागृहात मांडली जाते, तेव्हा भाषणांआधी मी तिचे तक्ते उघडतो. महाराष्ट्र आणि इतर राज्यं त्यात शेजारीशेजारी मांडलेली असतात. आपण कुठे पुढे आहोत हे सांगायला ती मांडणी फार सोयीची. हल्ली चर्चांमधून तुलनेचा परीघ वाढलाय. कुणी सार्क देशांचं नाव घेतं, कुणी आग्नेय आशियाचं, आणि फारच तावातावाने बोलायचं असेल तर थेट स्कँडिनेव्हियाचं. तुलनेला हरकत नाहीच. पण तिच्यातून एक रकाना कायम गळतो आणि माझ्या मते कामाचा रकाना तोच: आजारपणावर गेलेल्या शंभर रुपयांतले किती रुपये रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरले?

आधी सगळ्यांच्या आवडीचा रकाना घेऊ, जीडीपीच्या टक्क्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांत भारताचा सरकारी आणि खासगी मिळून आरोग्यखर्च जीडीपीच्या ३.३ टक्क्यांच्या आसपास आहे. बांगलादेश अडीचच्या घरात, पाकिस्तान तीनच्या जवळ, श्रीलंका आणि भूतान चारच्या आगेमागे, नेपाळ पाचच्या वर, मालदीव दहाच्या आसपास. आणि अफगाणिस्तान पंधराच्याही वर, म्हणजे जर्मनीच्या पुढे! काबूलमध्ये बर्लिनपेक्षा चांगले उपचार मिळतात असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. देशाचं उत्पन्न तुटपुंजं, काही भार परदेशी मदतीने उचललेला, आणि एकूण खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश बोजा घराघरांवर. छेद लहान झाला की टक्का फुगतो, एवढंच.

आता या आठ सार्क देशांची सरळ सरासरी काढा. ती सहा टक्क्यांच्या पुढेमागे येते आणि आठांपैकी सहा देश तिच्या खाली राहतात. मालदीवची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, मुंबई महापालिकेच्या एखाद्या वॉर्डाएवढी. भारताची १४० कोटी. सरळ सरासरीत दोघांचं वजन सारखंच. बरं, लोकसंख्येचं वजन लावून काढावी म्हटलं, तर सार्कमधली जवळपास तीन चतुर्थांश माणसं भारतातलीच, म्हणजे भारताची तुलना भारताशीच. तेव्हा भाषणाच्या मसुद्यात ‘सार्क सरासरीपेक्षा’ असं वाक्य आलं, तर ती कोणत्या पद्धतीने काढली एवढं अधिकाऱ्यांना एकदा विचारा. उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागेल.

श्रीमंतांच्या कंपूतही हेच. अमेरिका जीडीपीच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालवते, शेजारचा कॅनडा अकरा-बाराच्या आसपास, तरी सरासरी आयुष्यात कॅनडाचा माणूस अमेरिकेच्या माणसाच्या निदान तीन वर्षं पुढे. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे यांचं कौतुक टक्केवारीसाठी करण्यात अर्थ नाही. कौतुक करायचं तर त्या खर्चातले शंभरातले ८० ते ८५ सरकारी तिजोरीतून जातात, याचं करावं.

आपल्या देशाचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की २०१३-१४ मध्ये शंभरातले ६४.२ रुपये लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ३९.४. घट मोठी आहे, श्रेय ज्याचं त्याला द्यावं. मात्र घरखर्चाचा हा अंदाज २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर बेतून पुढे ओढलेला आहे आणि २०२१-२२ हे कोविडचं वर्ष, सरकारी खर्च एरवीपेक्षा चढा. त्याच वर्षी केंद्र आणि राज्यं मिळून सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठायचं ठरवलं होतं.

याच रकान्यात शेजारी बघा. बांगलादेशात शंभरातले सत्तरच्या आसपास खिशातून. थायलंडमध्ये दहाच्या आसपास. आणि थायलंडचा एकूण आरोग्यखर्च आजही जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. १९९७ च्या चलनसंकटातून तो देश पुरता सावरलाही नव्हता, तेव्हा २००१-०२ मध्ये त्यांनी तीस बाट योजना आणली. एका भेटीला तीस बाट, त्या वेळचे साधारण तीस-पस्तीस रुपये. पण ही जादू योजनेची नव्हे, आधीच्या तयारीची. १९७२ पासून नव्या डॉक्टरांना गावाकडची सेवा सक्तीची होती. ऐंशीच्या दशकात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च काही वर्षं रोखून तो पैसा तालुक्यांकडे वळवला गेला. योजना आली तेव्हा कार्ड घेऊन जायला जवळ रुग्णालय होतं आणि त्या रुग्णालयात डॉक्टर होता. आपल्याकडे कार्ड आधी येतं.

श्रीलंकेचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते इतकं चकचकीत नाही. तिथेही लोक खिशातून बराच खर्च करतात, प्रमाण भारताच्या जवळपासच आहे. संध्याकाळी सरकारी डॉक्टरच खासगीत बसतात, ज्याला परवडतं तो रांग टाळून तिकडे जातो. पण दाखल व्हायची वेळ आली की बहुतेक सगळे सरकारी इस्पितळातच जातात, आणि तिथे पैसे लागत नाहीत. म्हणजे खर्च आहे, पण घर बुडवणारा खर्च कमी. १९७१ मध्ये सेनाका बिबिले यांच्या पुढाकाराने तिथे सरकारी औषध महामंडळ निघालं आणि एकगठ्ठा, मूळ (जेनेरिक) नावाने औषधखरेदी सुरू झाली. २०२२ मध्ये देशाची गंगाजळी आटली तेव्हा याच इस्पितळांत औषधांचा खडखडाट झाला, हेही खरं. तरी श्रीलंकेशी तुलना झाली तर महाराष्ट्राने लाजायचं कारण नाही. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत आपला मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, श्रीलंकेचा तिशीच्या आसपास. अर्भकमृत्यूत मात्र २०२० मध्ये आपण हजारामागे १६ आणि ते सहा-सातवर.

एक गोष्ट या कोणत्याच तक्त्यात बसत नाही. माणूस सीमा ओलांडून उपचाराला जातो. भूतानचं सरकार गंभीर रुग्ण स्वतःच्या खर्चाने भारतात पाठवतं. मालदीवच्या ‘आसंधा’ या सरकारी आरोग्यविमा योजनेत भारतातली रुग्णालयं आहेत. परदेश कशाला, आमच्या लालबाग-परळच्या चाळींत निम्मी घरं तळकोकणातली. त्यांचे सावंतवाडी-दोडामार्गचे आईवडील आजारी पडले की गाडी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाच्या आधी गोव्यातल्या बांबोळीला, गोमेकॉकडे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे) वळते. त्यांच्यावरचा खर्च गोव्याच्या खात्यात पडतो, गोव्याचा दरडोई आकडा फुगतो आणि महाराष्ट्राचा वाचतो. जानेवारी २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. त्यांची मुख्य मागणी गोव्याकडे नव्हतीच, ती आपल्या सरकारकडे होती: आम्हाला आमच्याच जिल्ह्यात उपचार द्या. उलट बाजूला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातली कुटुंबं चटया टाकून असतात, आणि कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना तर आपण महात्मा फुले योजनेत घेतलंच आहे. तेव्हा दोन शेजाऱ्यांचे खर्च शेजारीशेजारी ठेवताना रुग्ण कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जातायत, एवढी तळटीप तरी हवी.

आता खिशातून नेमकं काय जातं ते सांगतो. चाळीतल्या लोकांचे योजनेचे कागद मी बघून देतो, त्यामुळे ही बिलं माझ्या टेबलावर येतात. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात शेजारच्या काकांचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. बिल शून्य. आरोग्यमित्र म्हणून बसलेली मुलगी कामाला चोख, कागद एका फेरीत झाले. पण वॉर्डातून काकूंच्या हाती निळ्या बॉलपेनने लिहिलेली एक चिठ्ठी आली: कॅन्युला दोन, थ्री-वे एक, ग्लोव्ह्ज, युरिन बॅग, आणि खाली एक इंजेक्शन, ‘स्टॉकमध्ये नाही’ असा शेरा मारून. लिफ्ट बंद, चार जिने उतरून समोरच्या मेडिकलमध्ये. संध्याकाळी दुसरी चिठ्ठी. मंजुरी यायच्या आधी केलेल्या तपासण्या बाहेरच्या लॅबच्या. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा योजनेत, अकराव्या दिवसापासून औषधं घरची. त्यात काकांना साखर आणि रक्तदाब, म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन जन्मभराचं. या कशाचीही ‘योजना’ नाही, कारण या गोळ्यांसाठी कुणी दाखल होत नाही.

आपल्या देशात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग असाच, दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर आणि औषधांवर जातो. योजनेचं छत्र दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घेतलं, चांगलंच केलं. पण त्या पाच लाखांतला एक रुपयाही महिन्याच्या गोळ्यांना लागू पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत केस पेपरही फुकट आहे. मुंबईत पालिकेने २०२४ मध्ये ‘शून्य प्रिस्क्रिप्शन’ची घोषणा केली. पालिकेची रुग्णालयं आपल्याकडे येत नाहीत आणि वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे, हे मला ठाऊक आहे. चिठ्ठी घेऊन जिना उतरणाऱ्या काकूंना मात्र ठाऊक नाही, आणि असायचं कारणही नाही.

औषधखरेदीत तर शिकायला सीमा ओलांडायची गरज नाही. तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ पासून ही खरेदी करतंय: निविदा एकत्र, गोदामं जिल्ह्यात, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, माल संपत आला की दिसतं. महाराष्ट्राने आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे खरेदी सोपवली, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. संस्था बदलली की गोळी काउंटरवर येते असा आपला समज दिसतो.

म्हणून मागणी एवढीच. पुढच्या आर्थिक पाहणीत आरोग्याच्या प्रकरणात एक तक्ता द्या: महाराष्ट्रात शंभर रुपयांतले किती खिशातून गेले, त्यातले दाखल झालेल्यांचे किती, बाह्यरुग्णांचे किती, औषधांचे किती, जमल्यास जिल्हावार. त्यासाठी २०१७-१८ च्या पाहणीवर विसंबू नका, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून नव्याने घरखर्चाची पाहणी करून घ्या. शेजारी म्हणून श्रीलंका, थायलंड, केरळ, तमिळनाडू ठेवा. मालदीव आणि अफगाणिस्तान सोडून दिलेत तरी चालेल. आणि त्याच पानावर लिहा की २०१७ च्या धोरणाप्रमाणे राज्याच्या अर्थसंकल्पाचा आठ टक्के वाटा २०२० पर्यंत आरोग्याला मिळायचा होता, तो आज किती आहे आणि कोणत्या वर्षी मिळेल.

तक्ता आला नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात हेच आकडे मागेन. त्यापेक्षा आपणच सभागृहात मांडलेत तर आम्हा दोघांचंही, म्हणजे माझं आणि आपल्या जन माहिती अधिकाऱ्याचं, काम वाचेल.

कळावे,
आपला,
लालबागचा एक रहिवासी