मावशींच्या गराजमधला खोका: एक जाहीर आभारपत्र

मावशी, सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. मुलाखतीच्या संमतीपत्रावर 'नाव उघड करू नये' हा पर्याय तुम्हीच निवडलात, आणि तो कागद सहीसाठी तुमच्यापुढे मीच सरकवला होता. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की तुम्ही दादरच्या. 1970 च्या दशकात लग्न होऊन कॅलिफोर्नियात, सांता क्लारा खोऱ्यात, म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीत आलात, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बेंचवर बसून सर्किट बोर्ड जोडलेत, आणि आता इथल्या बऱ्याच मराठी घरांच्या मावशी आहात.

कॉलेजची वाट तुम्हीच दाखवलीत. मी डिपेंडंट व्हिसावर आलेली, कामाची परवानगी नाही, पुण्याची बी. कॉम. पदवी कपाटात. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत तुम्ही विचारलंत, "दिवसभर काय करतेस?" मी "काही नाही" म्हटलं, आणि हातातली पुरी गार होईपर्यंत तुम्ही मला कम्युनिटी कॉलेजचा सगळा कारभार समजावून सांगितलात. प्रवेश परीक्षा नाही. वयाचं कुणाला काही नाही. या व्हिसावर शिकायला आडकाठी नाही. वर्षभर राहून कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरलीस की डी आन्झा कॉलेजात एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, 31 डॉलर. "साडीच्या फॉल-बीडिंगला याहून जास्त घालवशील," हे वर. तुम्ही स्वतः कारखान्यातून सुटून रात्रीच्या वर्गांना जायचात आणि त्या जोरावर बेंचवरून उठून टेक्निशियन झालात, हे मात्र तेव्हा सांगितलं नाहीत. ते पुढे रेकॉर्डरसमोर निघालं.

ही दारं अशी सताड उघडी का, याचं उत्तर मला वर्गात मिळालं. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजं, आणि शिकून ज्याचा फायदा होईल अशा कुणालाही ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजची कम्युनिटी कॉलेजं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपण 'कुणालाही'मध्ये."

मी इतिहास घेतला म्हटल्यावर आमच्या घरी शांतता पसरली. अकाउंटिंगचे वर्ग समोर दिसत असताना बी. कॉम. झालेली सून इतिहास शिकते म्हणजे काहीतरी बिनसलंय, असा सूर होता. तुम्ही तेवढं विचारलंत की पब्लिक हिस्टरी म्हणजे काय. मी वर्गातली टिपणं काढून वाचून दाखवली. त्या नावाची पदवी मी घेत नाही, इतिहासाच्या वर्गांतून आणि प्रकल्पांतून जमेल तेवढं शिकते आहे. विद्यापीठाबाहेर, संग्रहालयात, दप्तरखान्यात, जुन्या इमारतींच्या जतनात, लोकांच्या मुलाखतींतून जो इतिहास होतो तो हा. सांता बार्बराच्या विद्यापीठात रॉबर्ट केली यांनी 1976 मध्ये त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, 1978 मध्ये त्याचं नियतकालिक निघालं. त्या दशकात इतिहासात पीएच. डी. झालेल्यांना प्राध्यापकाच्या जागा मिळेनात, हेही त्यामागचं एक कारण. तुम्ही हसून म्हणालात, "मग ठीक आहे. नोकरी मिळेना म्हणून निघालेला विषय आहे, तुला शोभेल." मावशी, तुमच्याकडून हे ऐकलं की राग येत नाही. तोच शेरा आमच्या घरी कुणी मारला असता तर दोन दिवस अबोला झाला असता.

तुम्हाला एकदा आमच्या कॉलेजच्या आवारातल्या बंगल्यात घेऊन गेले होते, आठवतं? ल पती त्रियानाँ. 1890 च्या दशकात बाल्डविन नावाच्या धनाढ्य कुटुंबाने द्राक्षमळ्यात बांधलेलं घर, फ्रान्सच्या राणीच्या महालावरून नाव घेतलेलं. कॉलेज 1967 मध्ये सुरू झालं तेव्हा ते पाडायच्या यादीत होतं. लोकांनी भांडून वाचवलं, आणि 1972 मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत त्याची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद झाली. आज तिथे कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे आणि त्याच्या ग्रंथालयात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेले स्थानिक इतिहासाचे निबंध आहेत. मला वाटलं होतं तुम्ही झुंबरं बघाल. तुम्ही बघितलीत ती जर्दाळूच्या बागांची छायाचित्रं. हे खोरं चिपच्या आधी फळांचं होतं. प्लम, जर्दाळू, चेरी, आणि ती डबाबंद करणारे कारखाने. उन्हाळ्यात शेडमध्ये बसून जर्दाळू कापायचं काम बायका आणि पोरं करायची. एका फोटोतल्या बाईच्या हाताकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "ही माझ्या आधी माझ्या जागेवर बसलेली." मग आल्या आल्या पहिल्या वर्षी बागेवरून ताजे जर्दाळू आणून त्यांचा साखरांबा केल्याचं सांगितलंत, तोही साखर कमी पडून फसलेला. मुलाखत घ्यायची ती यांचीच, हे मी तिथेच ठरवलं.

तुम्ही आधी नाहीच म्हणालात. "मी काय आनंदीबाई आहे?"

हा प्रश्न मी वर्गात जसाच्या तसा सांगितला आणि पुढचा सगळा प्रकल्प त्यावर उभा राहिला. अमेरिकेतल्या मराठी माणसाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे ठरलेली माळ असते. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. गदर या अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या पक्षाचे विष्णु गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याहून इकडे आलेले आणि 1915 मध्ये लाहोरला फाशी गेलेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदरमधून थेट मेक्सिकोच्या शेतीशास्त्रात पोचलेले. आणि मग मध्ये काहीच नाही, एकदम आयआयटी आणि सॉफ्टवेअर कंपन्या. ही माणसं मोठी आहेत, पोस्टरवर असायलाच हवीत. पण 1965 मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलल्यावर जी विमानं भरून आली, त्यांतल्या पदवीधर नवऱ्यांच्या मागोमाग आलेल्या बायकांनी इथे नेमकं काय केलं, याचा एक कागद मला कुठे मिळेना. कागद तुमच्या गराजमध्ये होता.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वाड्यांचे माळे धुंडाळत फिरले. इथला माळा म्हणजे गराज. गाडी बाहेर आणि तीस-चाळीस वर्षांचा संसार आत. ख्रिसमसचे दिवे, मुलाची सायकल, पाण्याच्या हीटरमागे संत्र्यांचा पुठ्ठ्याचा खोका. त्यात मंडळाच्या कार्यक्रमांच्या सायक्लोस्टाइल पत्रिका, पगाराच्या चिठ्ठ्या, दादरहून आलेली निळी एअरोग्रॅम पत्रं, रात्रीच्या वर्गाची वही, आणि पाठीमागे काहीही न लिहिलेले फोटो. आमच्या बाईंनी शिकवलेलं सगळं मी तुमच्या ओट्यावर करून बघितलं. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढायच्या, रबरबँड फेकायचे, फोटोमागे पेन नाही, मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला. लॅमिनेशन तर चुकूनही नाही, त्यातून कागद परत निघत नाही. तुम्ही नावं सांगत होतात आणि मी लिहीत होते. मध्येच थांबून म्हणायचात, "हिचं माहेरचं नाव लिही, सासरचं तिला नको होतं." कुठल्या पाठ्यपुस्तकात ही सूचना मला सापडली नसती.

रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजची घरघर येते म्हणून तो बंद करायचा, आणि परत चालू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही मुलाखतकारांची जुनी युक्ती. तुम्ही किल्ली काढून माझ्या हातात दिलीत. "आत श्रीखंड आहे. मी विसरत नाही."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. दुसऱ्या बैठकीत तुम्ही जेवणाच्या टेबलाबद्दल बोललात. कारखान्यातून रिकाम्या बोर्डांची आणि सुट्या भागांची पिशवी घरी यायची, मुलं झोपली की त्या टेबलावर रेझिस्टर बसवायचे, नगावर पैसे. नवऱ्याचे मित्र जेवायला येणार असले की सगळं पलंगाखाली. मंडळात कुणाला पत्ता नाही. मग कारखान्यातलं सॉल्व्हंट, बोर्ड धुवायचं, वास गोडसर, डोकं जड व्हायचं, आणि शेजारच्या बेंचवरची ती मैत्रीण. तिथे तुम्ही हात वर केलात. मी रेकॉर्डर थांबवला.

इथे इतिहासाचा विद्यार्थी अधाशी होतो, हे मी लपवत नाही. मला माहीत होतं की 1981 च्या अखेरीस दक्षिण सॅन होजेत चिप कारखान्याच्या जमिनीखालच्या टाकीतून सॉल्व्हंट झिरपून पिण्याच्या विहिरीत उतरल्याचं आढळलं. मला माहीत होतं की प्रदूषण उपसण्याच्या केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत सांता क्लारा काउंटीच्या 23 जागा आल्या, देशातल्या कुठल्याही काउंटीहून जास्त. बेंचवर बसलेल्या मराठी बाईच्या तोंडून त्या वासाची आठवण म्हणजे माझ्या दृष्टीने सोनं. तुम्ही विचारलंत, "हे कुणासाठी?" मी म्हटलं, लोकांसाठी. "कुठले लोक? तिची मुलगी पण लोकच आहे ना?"

मग तुम्ही चष्मा लावून संमतीपत्र ओळ न् ओळ वाचलंत. असं वाचणारं माझ्या वर्गात कुणाला अजून भेटलेलं नाही, बहुतेक जण शेवटचं पान उघडून सही करतात. लिहून काढलेली मुलाखत आधी तुम्हाला दाखवायची. टेबलाची गोष्ट राहू दे, नाव नको. मैत्रिणीचा भाग तिच्या मुलीने हो म्हटल्याशिवाय कुणी ऐकायचा नाही. कारखान्याचं नाव गाळायचं. आणि खोका माझ्याकडे द्यायचा नाही, प्रती काढ आणि परत आण. कारखान्याच्या नावावरून मी तुमच्याशी वाद घातला, आणि मला अजूनही वाटतं की ते राहायला हवं होतं. नाव गाळलं की जबाबदारीही धूसर होते. तुम्ही म्हणालात की निवृत्तीचे पैसे तिथूनच येतात. ठरवायचं तुम्हीच होतं. आमच्या बाईंना अटी दाखवल्या तर त्यांनी त्या कागदाची प्रत पुढच्या तुकडीसाठी मागितली. अर्थात तुम्हाला विचारून.

प्रकल्पाच्या प्रदर्शनाचा फलक लिहिणं त्या मानाने सोपं गेलं, पण त्यातही तुम्ही होतातच. संग्रहालयातला माणूस उभ्याने वाचतो, म्हणून मजकूर 75 शब्दांच्या आत बसवायचा. मी टेबलाच्या फोटोखाली 'मूकपणे सोसलेले कष्ट' असं काहीतरी लिहून आणलं होतं. तुम्ही लाल पेन घेतलंत. "मूकपणे? आम्ही रेडिओ लावून गाणी म्हणत होतो." तिथे आता लिहिलंय की रात्री अकरापर्यंत काम चालायचं, किती बोर्ड झाले ते कॅलेंडरवर रेघा मारून मोजायचे आणि त्या पैशांतून दादरला भावाच्या कॉलेजची फी गेली. तुमचंच वाक्य. फलकासमोर सर्वांत जास्त वेळ उभ्या राहिल्या त्या एक व्हिएतनामी आजी, नातवाला घेऊन आलेल्या. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवून नातवाला बराच वेळ काहीतरी सांगितलं. मला एक शब्द कळला नाही, आणि मी मध्ये गेले नाही. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्यांचा नंबर घेतलास का?"

नव्हता घेतला. पण पुढच्या सत्राच्या प्रकल्पासाठी तुम्ही मला तिथेच दिशा दिलीत, त्याचेही आभार.

खोका परत आणून दिला तेव्हा तुम्ही तो हीटरमागे ठेवला नाहीत, घरात घेतलात, याचं मला फार बरं वाटलं. गराजमधल्या उष्णतेने ती पत्रं आणखी ठिसूळ झाली असती. लिहून काढलेल्या मुलाखतीचा उरलेला भाग गुरुवारी घेऊन येते, मोठ्या अक्षरात छापलाय. हीटरच्या वरच्या फळीवर असाच आणखी एक खोका आहे, तो तुम्ही पाहुण्यांचं अंथरूण म्हणून उडवून लावलात, पण मी त्यावरचं तुमचं अक्षर वाचलंय. आणि बारशाच्या फोटोत डावीकडून तिसऱ्या, पाळण्याची दोरी धरलेल्या बाईंचं नाव अजून लिहायचं राहिलंय, तेवढं आठवून ठेवा. माहेरचं की सासरचं, तेही.

तुमची,
कॉलेजातली 'कुणीही'