‘चार्ज’ कुठे आरोप, कुठे आकार, कुठे बोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतून आलेल्या बातम्या मराठीत उतरवताना ‘चार्ज’ या शब्दापाशी हमखास घोळ होतो. एरवी तो खपून जाईल, पण कोर्टाच्या बातमीत अर्थाचा अनर्थ होतो.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कारुस’ म्हणजे गाडी; गाडीवर माल लादण्याच्या क्रियापदावरून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लादणे हा धागा धरला की पुढचे बरेच अर्थ उलगडतात : तोफेत दारू ठासणे, माणसावर जबाबदारी टाकणे, त्याच्यावर दोष ठेवणे, सेवेला पैसे लावणे, जमिनीवर कर्ज चढवणे. मराठीनेही बऱ्याच ठिकाणी ‘भार’च उचलला आहे. कार्यभार, प्रभारी, विद्युतप्रभार, भारित खर्च हे सगळे त्यातलेच. ‘आरोप’चाही मूळ अर्थ वर ठेवणे, चढवणे असाच. पण नेमका प्रतिशब्द ठरतो तो शेजारच्या शब्दांवरून.

आधी कोर्ट. फौजदारी प्रकरणात निदान तीन टप्पे वेगळे ओळखावे लागतात. पोलीस प्रथम गुन्हा नोंदवतात. तपास झाला की ते न्यायालयात अहवाल देतात. त्यालाच आपण आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतो. ‘चार्जशीट’ ती हीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९३ मध्ये येते. यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहते, दोन्ही बाजू ऐकते आणि खटला चालवण्याइतका आधार दिसला तर स्वतः आरोप निश्चित करते. इंग्रजीतले ‘चार्जेस फ्रेम्ड’ ते हे. म्हणजे आरोपपत्र पोलिसांचे आणि आरोप निश्चिती न्यायालयाची. ‘आरोपपत्र दाखल’ झाले असताना ‘आरोप निश्चित’ असा मथळा देणे म्हणजे न्यायाधीशांनी अजून न केलेले काम त्यांच्या नावावर टाकणे. जामिनाचे गणितही आरोपपत्रावरच चालते : तपास ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत पुरा होऊन आरोपपत्र आले नाही, तर अटकेतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. आरोप निश्चितीचा या मुदतीशी संबंध नाही.

‘डिस्चार्ज’चे तर आणखी अवघड. आरोप निश्चित करण्याइतका आधारच नसेल तर न्यायालय आरोपीला डिस्चार्ज करते. तो आरोपमुक्त झाला, निर्दोष ठरला नाही. पुढे नवा पुरावा मिळाला तर त्याच्यावर पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष मुक्तता होते ती खटला चालल्यावर, आणि ती कायम राहिली की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. दोन्हींना ‘निर्दोष सुटका’ म्हणणे चूक आहे. रुग्णालयातला डिस्चार्ज मात्र ‘घरी सोडले’ इतक्यावर भागतो.

इंग्लंड-वेल्सची पद्धत वेगळी. तिथे खटल्याआधीच, गंभीर प्रकरणात बहुधा क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस या सरकारी वकिलांच्या संस्थेच्या निर्णयानुसार, पोलीस संशयितावर औपचारिक आरोप ठेवतात. एरवी त्याला आरोपाविना २४ तास ताब्यात ठेवता येते आणि गंभीर गुन्ह्यात परवानग्या घेऊन ९६ तासांपर्यंत. म्हणून लंडनच्या बातमीत ‘विदाउट चार्ज’ सोडले असे आले, तर त्याचा अर्थ ‘आरोप न ठेवता सोडले’ इतकाच. तपास चालूही असू शकतो. यंत्राने केलेल्या भाषांतराला इथे ‘विनाशुल्क’ सुचले तर नवल नाही.

पैशांच्या बाबतीत आपल्या हाताशी चांगले मराठी शब्द आहेत आणि ते दर महिन्याला घरी येतात. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. हे ‘चार्जेस’ पुरवठ्याचे. त्याखालचे ‘वीज शुल्क’ म्हणजे राज्य सरकारचा कर. घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के, आणि वरच्या आकारांवर मोजला जातो. त्यामुळे ‘वीज शुल्कात वाढ’ असे छापले की जाणकार वाचक सरकारने कर वाढवला असे समजतो, वाढलेला असतो वीज आकार. त्याच बिलावर ‘मंजूर भार’ असतो, तो किलोवॅटमध्ये; तिथे ‘भार’ म्हणजे लोड, चार्ज नव्हे. विज्ञानाच्या मजकुरात ‘विद्युतभार’ऐवजी पाठ्यपुस्तकातला ‘विद्युतप्रभार’ वापरावा तो यासाठीच.

जमिनीवरच्या ‘चार्ज’ला शेतकरी बोजा म्हणतो आणि तोच शब्द योग्य आहे. बँकेचे कर्ज सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढते. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरेलच असे नाही : बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र) जोडून अर्ज करावा लागतो, फेरफार नोंद होऊन ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की मगच तो कमी होतो. अर्थसंकल्पातही असाच तयार शब्द आहे. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरील व्याज हा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, ‘भारित’ असतो. त्यावर सभागृहात चर्चा होते, मतदान होत नाही. मतदानाने मंजूर होतो तो ‘दत्तमत’. इथे ‘आकारलेला खर्च’ लिहिले तर काहीच बोध होत नाही.

बॅटरीसाठी ‘चार्ज’ राहू द्यावा, लोकांच्या तोंडी तोच आहे. मात्र एकके सांभाळावीत. विजेच्या मोटारीची बॅटरी ३० किलोवॅटची नसते, ३० किलोवॅट-तासांची असते. किलोवॅट ही चार्जरची क्षमता; ७ किलोवॅटच्या चार्जरवर अशी रिकामी बॅटरी भरायला गळती धरून साडेचार-पाच तास लागतात. पॉवर बँकेवरचे १०,००० मिलिअँपिअर-तास आतल्या सेलच्या सुमारे ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा वाया जाते, म्हणून ५,००० मिलिअँपिअर-तासांचा फोन त्यावर दोनदा भरत नाही, दीडेक वेळा भरतो.

एसीचा गॅस ‘चार्ज करणे’ म्हणजे भरणे. पण हा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधायची, ती बुजवायची, मग व्हॅक्यूम करून, म्हणजे आतली हवा उपसून, यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. दरवर्षी ‘गॅस चार्जिंग’चा सल्ला देणारे ग्राहकोपयोगी लेख याबाबत गप्प असतात.

हत्ती चार्ज करतो तेव्हा तो चाल करून येतो. नव्या अधिकाऱ्याने चार्ज घेतला तर पदभार स्वीकारला. स्वतःची खुर्ची सांभाळून दुसरीही सांभाळत असेल तर ‘अतिरिक्त कार्यभार’. राहिला लाठीचार्ज. त्याला ‘लाठीमार’ हा रोखठोक शब्द मराठी वृत्तपत्रांत केव्हाच रुळला आहे. त्याआधी येणारे ‘सौम्य’ हे विशेषण बहुधा पोलिसांचे असते, तेव्हा ते अवतरणचिन्हांत छापावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक अनुवादक, सातारा