दवाखान्याला सलूनचं सॉफ्टवेअर विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय : क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष, उरलेल्या वर्गणीचा परतावा आणि रुग्णांच्या सर्व नोंदी परत मिळण्याबाबत

महोदय,

कोथरूडमध्ये माझं त्वचा आणि लेझर क्लिनिक आहे. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तुमचे प्रतिनिधी डेमो देऊन गेले आणि दिवाळीच्या आत आम्ही दोन वर्षांचे पैसे एकरकमी भरले. "मेडिकल स्पासाठीच बनवलंय, मॅडम," असं ते म्हणाले होते. तेरा महिने वापरल्यावर मी लेखी कळवते आहे की हे सॉफ्टवेअर सलूनसाठी बनवलेलं आहे. फक्त "कस्टमर"च्या जागी "पेशंट" लिहिलंय. यापूर्वी मी तीनदा तुमच्याकडे ऑनलाइन तक्रार, म्हणजे तुमच्या भाषेत तिकीट, टाकलं. तिन्ही वेळा "रिझॉल्व्ह्ड" असा शेरा मारून ते बंद केलं गेलं. फोन एकदाही आला नाही.

हे पत्र लिहिण्याची वेळ ज्यामुळे आली, ते आधी सांगते.

गेल्या महिन्यात एक आई आणि तिची मुलगी एकत्र आल्या. मुलीचं लेझरने केस काढण्याचं सहा सिटिंगचं पॅकेज चालू आहे, आईंना हनुवटीवरचे केस काढायचे होते. दोघींचा मोबाइल नंबर एकच. आपल्याकडे घरातला एकच नंबर गॅसपासून शाळेपर्यंत सगळीकडे दिला जातो, हे पुण्यात ऑफिस थाटून बसलेल्या कंपनीला माहीत असायला हवं. तुमच्या सॉफ्टवेअरने एक नंबर म्हणजे एक व्यक्ती असं धरलं आणि दोघींची कार्डं आपोआप एकत्र केली. आईंच्या कार्डावर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात मी स्वतः "लिडोकेन" लिहिलं होतं. मुलीच्या कार्डावर "नाही" होतं. मुलीची नोंद नंतरची, म्हणून ती टिकली आणि आईंची पुसली गेली.

माझ्या सहायिकेने हातमोजे घातले, स्क्रीन पाहिली, अ‍ॅलर्जी नाही. तिने सुन्न करायच्या क्रीमच्या ट्यूबचं झाकण काढलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "अगं, ते बधिर करायचं औषध मला चालत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे माझा अख्खा चेहरा सुजला होता. मॅडमना सांगितलंय मी." त्या क्रीममध्ये लिडोकेनच असतं. त्या आठवणीने बोलल्या म्हणून निभावलं. तुमच्या सॉफ्टवेअरचा त्यात काही वाटा नव्हता.

त्याच स्क्रीनवर मशीनची सेटिंगही मुलीचीच दिसत होती. फिट्झपॅट्रिकच्या मोजणीत त्वचेचे सहा प्रकार आहेत. मुलगी चौथ्यात बसते, आई पाचव्यात. त्वचा जितकी सावळी तितकं त्यातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, लेझरचा प्रकाश अधिक शोषून तापतं, म्हणून मुलीला सोसणारी लेझरची ऊर्जा (ती जूलमध्ये मोजतात) आईंच्या हनुवटीवर भाजल्याचे डाग उठवू शकते. असा डाग जायला महिने लागतात आणि तोवर ती बाई तोंडाला स्कार्फ बांधून फिरते. मी असे चेहरे दुसरीकडून बिघडून आलेले पाहिले आहेत.

नोंद कधी बदलली आणि कोणी, हे मी तुमच्या माणसाला विचारलं. उत्तर आलं की सिस्टिममध्ये फक्त शेवटची स्थिती राहते. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं 2016 सालीच काढली आहेत. नोंद कोणी उघडली, कोणी बदलली याचा माग राहिला पाहिजे, ही त्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. केस कापण्याच्या अपॉइंटमेंटला हा माग लागत नाही, दवाखान्याला त्यावाचून चालत नाही. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक रुग्णाचं कागदी कार्ड परत सुरू केलंय आणि अ‍ॅलर्जी असेल तर त्यावर लाल टिकली लावतो. तुम्हाला पैसे देऊन मी पुठ्ठ्याच्या फायली विकत आणते आहे.

औषधांच्या साठ्याचीही तीच कथा. बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे सुरकुत्यांसाठी टोचायच्या औषधाची, 100 युनिटची बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. कोणाला किती युनिट दिले आणि ते कोणत्या बॅचमधले, हे रुग्णाच्या नावावर लिहावंच लागतं. तुमच्याकडे शाम्पूच्या बाटलीसारखा "एक नग" वजा होतो. उद्या एखादी बॅच कंपनीने परत मागवली, तर मी कोणाकोणाला फोन करू?

बिलात अख्ख्या बिलाला जीएसटी लावा किंवा लावू नका, एवढंच एक बटण आहे. मुरुमांवरचा उपचार ही आरोग्यसेवा असल्याने करमुक्त आहे. पण त्याच रुग्णाने क्रीम किंवा निव्वळ सौंदर्यासाठीचं काही घेतलं, तर त्याचा हिशेब वेगळा होतो. दर तिमाहीला माझे सीए ही बिलं हाताने सोडवतात.

आणखी एक प्रकार मला फार लागला. लग्न ठरलेल्या एका मुलीने वडिलांचा नंबर दिला होता. तुमच्या सिस्टिमने त्या नंबरवर उपचाराच्या नावासकट व्हॉट्सअ‍ॅप आठवण पाठवली. तिने घरी सांगितलेलं नव्हतं. ती माझ्यासमोर रडली आणि परत आली नाही. "उद्या चार वाजता अपॉइंटमेंट आहे" एवढा मजकूर पुरला असता. उपचाराचं नाव वगळायची सोय तुमच्याकडे नाही, मी शोधली. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा माहितीची जबाबदारी माझ्यावर आहे. "ते व्हेंडरने पाठवलं" म्हणून मी सुटत नाही, आणि मला सुटायचंही नाही.

आता सोडून जायचं म्हटलं, तर नोंदी परत मिळत नाहीत. एक्स्पोर्ट दाबलं की प्रत्येक रुग्णाची वेगळी पीडीएफ येते आणि आधीचे-नंतरचे फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने उतरतात. कोणता फोटो कोणाचा हे कळायला मार्ग नाही. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रं मागितली की 72 तासांत द्यावी लागतात. बंगळुरूला बदली झालेल्या एका बाईंसाठी मी आणि रिसेप्शनवरची मुलगी रात्री साडेदहापर्यंत टाइप करत बसलो होतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आमच्या सर्व रुग्णांच्या नोंदी एक्सेलमध्ये द्या, फोटोंना रुग्णाचं नाव आणि तारीख लावून द्या. एकत्र झालेल्या सगळ्या कार्डांची यादी मात्र आजच्या आज हवी, कारण त्या रुग्णांना मला स्वतः फोन करायचा आहे. आपोआप जाणारे मेसेज ताबडतोब थांबवा. उरलेल्या अकरा महिन्यांचे पैसे परत करा. नोंदी आमच्या हाती आल्यावर तुमच्या सर्व्हरवरून त्या पुसल्याचं लेखी पत्र द्या.

पुण्यात तुमचे बाकीचे ग्राहकही दवाखानेच आहेत. त्यांच्याकडेही आई-मुलीचा नंबर एकच असणार. त्यांना ही एकत्रीकरणाची सोय बंद करायला आजच कळवा, माझ्या परताव्याचा निर्णय व्हायची वाट पाहू नका.

आपली,
संचालिका व त्वचारोगतज्ज्ञ,
कोथरूड, पुणे

सोबत : तिन्ही तिकिटांच्या प्रती, एकत्र झालेल्या कार्डाचा नाव झाकलेला स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती