चौकशी जरूर व्हावी, पण गोदी थांबू नये

महोदय,

संरक्षण खरेदीत लाचेचा आरोप झाला की ‘करार रद्द करा’ अशी मागणी लगेच सुरू होते. पाणबुडीच्या बाबतीत ही शिक्षा दलालापेक्षा गोदीला जास्त भोवते. डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीतील कील येथील एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ तिकडे, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ माझगाव गोदीत बांधायच्या, शिवाय आणखी दोन घेण्याची मुभा. १९८७ मध्ये सात टक्के दलालीचा आरोप झाला आणि त्या दोन कायमच्या राहिल्या. ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली. माझगाव गोदीत त्यानंतर बांधलेली ‘कलवरी’ ही स्कॉर्पीन वर्गातली पाणबुडी यायला २०१७ उजाडले.

कामातल्या या खंडात खरे नुकसान झाले ते कारागिरांच्या हातांचे. प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब पेलणारे पाणबुडीचे कवच, उच्च ताकदीच्या पोलादी कड्यांचा असतो. कडे गोलाईत जरासे चुकले तरी खोल पाण्यात तिथेच चेपण्याचा धोका. वेल्डिंगच्या जोडापूर्वी पोलाद ठरावीक तापमानाला आणावे लागते, वेल्डिंगच्या कांड्या म्हणजे इलेक्ट्रोड भट्टीत कोरडे ठेवावे लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात यात हयगय झाली की ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो. वरून जोड सुबक दिसतो, तडा मात्र एक-दोन दिवसांनी आतून जातो. म्हणूनच अल्ट्रासॉनिक तपासणी मुद्दाम उशिरा करतात. दोष निघाला तर तेवढा भाग कोरून पुन्हा भरायचा. ही नजर फक्त सततच्या कामाने टिकते. सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही तर वेल्डरची पात्रता संपते, असा मानकांचाच दंडक आहे. इथे स्कॉर्पीनचे पहिले पोलाद कापले गेले २००६ मध्ये!

टॉर्पेडोंचेही, म्हणजे पाणबुडीतून सोडायच्या पाणतीरांचेही, तेच. आरोप हेलिकॉप्टर खरेदीत, टॉर्पेडो बनवणाऱ्या कंपनीच्या समूहातील दुसऱ्या कंपनीवर. पण ९८ ब्लॅक शार्क टॉर्पेडोंची खरेदी रद्द झाली आणि नव्या ‘कलवरी’ला शिशुमार वर्गासाठी घेतलेल्या जुन्या टॉर्पेडोंवर भागवावे लागले.

सहा नव्या पाणबुड्यांच्या ‘प्रोजेक्ट ७५-आय’मध्ये माझगाव गोदीची भागीदार थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स, म्हणजे एचडीडब्ल्यूचीच वारसदार आहे. त्यामुळे करारातच स्पष्ट लिहावे: गैरव्यवहार सिद्ध झाल्यास दलालीच्या कैकपट दंड, बँक हमी जप्त, नव्या निविदांना बंदी, दोषींवर खटले, पण ठरलेल्या सहाही पाणबुड्यांचे काम, सुटे भाग आणि आराखडे देणे कंपनीला थांबवता येणार नाही आणि सरकारही ते थांबवणार नाही.

– एक वाचक, माझगाव, मुंबई