साउंडवाले दादा, त्या संध्याकाळबद्दल

साउंडवाले दादा,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. शेवटच्या गाण्याआधी मी मंचावरून ते घेतलं, तेव्हा तुम्ही मिक्सरमागे मान खाली घातली होती. ते माझ्या लक्षात आहे. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण छोट्या बँडमध्ये गाणारी आणि दर दौऱ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा बसणारी बरीच मुलं-मुली मला माहीत आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

तुमच्याकडे पोहोचलो तो दिवस आधी सांगते, कारण त्यातला अर्धाच तुम्हाला दिसला.

आठ दिवसांतला तो आमचा सहावा कार्यक्रम. पहाटे साडेपाचला निघालो. पाच माणसं आणि सगळं सामान एकाच व्हॅनमध्ये. ड्रमच्या स्टँडची पेटी सगळ्यात जड, म्हणून ती तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून. तिच्या शेजारी अँप, वर कीबोर्ड, गिटार सगळ्यात वर. उतरल्यावर जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. हे भरणं आम्हाला आता झोपेतही जमतं. मी खिडकीशी बसले होते, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून. आदल्या रात्री माझे वरचे सूर फुटले होते. सकाळी उठले तर आवाजच नव्हता, नुसती हवा. पहिला तासभर मी कुजबुजून बोलत राहिले. मग कीबोर्डवालीने हातात वही दिली, कारण कुजबुजण्यानं घशाला आराम मिळत नाही, पुष्कळांचे स्वरतंतू उलट जास्त ताणले जातात. पुढचा सगळा प्रवास मी लिहून बोलले. मधूनमधून बाटलीतल्या पाण्यात नळी बुडवून हळूच हुंकार भरायचे, बुडबुडे काढत. नळीमुळे तोंडातला दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते एकमेकांवर कमी आपटतात. बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच.

दुपारी टायर पंक्चर झाला. स्टेपनी सगळ्या सामानाच्या खाली होती. म्हणजे रस्त्याच्या कडेला आख्खी व्हॅन रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. तिथेच, ड्रमच्या पेटीवर बसून, आम्ही यादीतून दोन गाणी काढून टाकली. दोन्ही हळू आवाजातली, दोन्ही माझी लाडकी. बसलेल्या घशाला मोठ्यानं गाणं एक वेळ जमतं, हळू गाणं जमत नाही. काट मारली ती मीच. त्याच वेळी मनात ठरवून टाकलं होतं की हा दौरा संपला की गाणं दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. हे मी बँडमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

चारला पोहोचायचं होतं, सहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. सातला दारं उघडणार होती. इतक्या उशिरा आलेल्या अनोळखी बँडला काय ऐकावं लागतं ते आम्ही ऐकलेलं आहे. तुम्ही फक्त विचारलंत, "सगळे नीट आहात ना?" आणि अँपचं एक टोक धरलंत.

आत गेल्यावर दिसलं की आम्ही पाठवलेली इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला कोणकोणती वाद्यं आणि आवाज जोडायचे त्याची यादी, तुम्ही छापून घेतली होती. मंचावर केबल आधीच पसरलेल्या. मिक्सरवरच्या पांढऱ्या पट्टीवर तुमच्या अक्षरात क्रमानं लिहिलेलं: किक, स्नेअर, बेस, कीज, मुख्य आवाज. ती यादी मी प्रत्येक ठिकाणी पाठवते. त्या दौऱ्यात ती कुणीतरी वाचलीय असं पहिल्यांदाच दिसलं. आम्हाला उशीर झाला होता, पण तुमची तयारी वेळेवर होती. त्यानंतरच्या पन्नास मिनिटांत जे जमलं ते त्यामुळेच जमलं.

पहिली अडचण त्या घुर्र आवाजाची. कीबोर्डवालीचा लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून सलग घुर्र सुरू व्हायची, चार्जर काढला की बंद. आमच्यातल्या एकानं सुचवलं की प्लगच्या अर्थिंगच्या पिनला टेप गुंडाळू, आधी एकदा केलं होतं. त्या संध्याकाळी तुमचा आवाज चढला तो एवढ्या एकाच वेळी. "अर्थिंगला हात लावायचा नाही. कधीच नाही." मग तुम्ही लेस हार्वेबद्दल सांगितलंत. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक. १९७२ साली स्वान्सीमध्ये, मंचावरच, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागला आणि विजेच्या धक्क्यानं तो गेला. वय सत्तावीस. ज्यानं टेपची गोष्ट काढली होती तो आमचा गिटारवाला. तो गप्प झाला, आणि त्यानंतर त्यानं ती टेप बॅगेतूनच काढून टाकली आहे.

मग तुम्ही डीआय बॉक्सवरचं, म्हणजे लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डबीवरचं, एक छोटं बटण दाबलंत आणि घुर्र थांबली. कारणही समजावून सांगितलंत. लॅपटॉपला चार्जरमधून एक अर्थ मिळतो, मिक्सरकडच्या केबलमधून दुसरा. दोन वाटांचं मिळून एक वेटोळं होतं आणि त्यात मेन्सची घुर्र शिरते. तोडायची ती सिग्नलची वाट, माणसाला वाचवणारी नव्हे. इतकी वर्षं वाजवतोय, पण हा फरक आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

आता माझ्या गोष्टीकडे येते.

साउंडचेकमध्ये मी दोन ओळी गायले आणि तुम्ही हात वर करून थांबवलंत. मला वाटलं, आता घशाबद्दल ऐकावं लागणार. त्या आठवड्यात मध, वाफ, विश्रांती, कमी बोल, कमी गा असं सगळं ऐकून झालं होतं. एका ठिकाणच्या साउंडवाल्यानं तर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ज्यांच्या आवाजात दम नाही त्यांनी बँडमध्ये गाऊ नये. तुम्ही मंचावर आलात, माझ्या शेजारी, मी उभी होते अगदी तिथे उभे राहिलात आणि बाकीच्यांना म्हणालात, "वाजवा." अर्धा मिनिट ऐकलंत. मग मला म्हणालात, "तुला तू ऐकूच येत नाहीयेस. तू गात नाहीस, ओरडतेयस. घसा बसणारच."

दादा, आठवडाभर सगळे माझा घसा बघत होते. मी उभी कुठे राहते ते बघितलंत तुम्ही.

नंतर मी याबद्दल वाचलं. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवून ठेवलंय की गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. तो ठरवून चढवत नाही आणि चढवलाय हे त्याला कळतही नाही. म्हणजे "कमी जोर लाव" असं गाणाऱ्याला कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही. जोर कमी करायचा तर आधी त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे.

दौऱ्याआधी पैसे साठवून मी नवा माइक घेतला होता, शुअरचा बीटा ५८ए. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून जी शिट्टी येते, ती कमी येते म्हणून. त्याआधी सगळ्यांकडे असतो तो एसएम५८ वापरायचे. नव्या माइकनं शिट्टी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मी मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवतात तो स्पीकर, वाढवून मागायचे, शिट्टी यायची, साउंडवाला मॉनिटर कमी करायचा आणि मी ओरडायचे. पाचही कार्यक्रमांत हेच झालं. तुम्ही माइक हातात घेऊन एकदा फिरवून पाहिलात आणि मॉनिटर माझ्या समोरून उचललात. एसएम५८ बरोबर पाठीमागून येणारा आवाज सगळ्यात कमी घेतो, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर गायकाच्या थेट समोर, माइकच्या पाठीशी ठेवतात. बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे. तो पाठीमागून थोडं घेतो, पण मागच्या दोन्ही तिरक्या बाजूंनी, समोरून मोजलं तर साधारण सव्वाशे अंशांवर, जवळजवळ बहिरा असतो. तुम्ही एक मॉनिटर डावीकडे तिरका ठेवलात आणि दुसरा कुठूनतरी आणून उजवीकडे. मग माझं बोट हळूच माइकच्या जाळीवरून खाली सरकवलंत. जाळी मुठीत धरली की मागच्या फटी बंद होतात, माइकला दिशाच कळेनाशी होते आणि सगळीकडचा आवाज आत येतो. मी वर्षानुवर्षं जाळीच धरत आले होते. वाटायचं, त्यानं आवाज जवळचा लागतो.

मग गिटारचा अँप. तो जमिनीवर होता आणि गिटारवाल्याच्या गुडघ्यांकडे तोंड करून वाजत होता. अँपमधले वरचे सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्याच्या कानांपर्यंत ते पोहोचतच नव्हते. तो वाढवत जायचा आणि ते सगळं येऊन आदळायचं माझ्यावर. तुम्ही त्याला काहीच बोलला नाहीत. अँप खुर्चीवर ठेवून त्याच्या कानांकडे वळवलात. दोन मिनिटांनी त्यानं आपणहून आवाज कमी केला. गिटारवाल्याला न दुखावता त्याचा आवाज कमी करवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटी विचारलंत, "मॉनिटरमध्ये काय काय हवं?" मी नेहमीसारखं म्हणाले, "सगळं थोडं थोडं."

"सगळं नको. काय ऐकू आलं नाही तर सूर जाईल, तेवढंच सांग."

माझा आवाज आणि कीज. एवढंच निघालं.

तोवर सात वाजायला आले होते. बाहेर लोक उभे होते. तुम्ही व्यवस्थापकांकडे जाऊन सांगितलंत की दार दहा मिनिटं उशिरा उघडा. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा दिसला. आमच्यासाठी तुम्ही तुमचा शब्द खर्च केलात. ज्यांची तिकिटं जेमतेम खपली होती अशा बँडसाठी. त्याच दहा मिनिटांत तुम्ही ड्रमरला इअरप्लगचं पाकीट दिलंत. १०० डेसिबलमध्ये दिवसाला पंधरा मिनिटांच्या वर राहणं कानांना धोक्याचं, आणि झांजांजवळ तो आकडा सहज ओलांडला जातो, हे सांगितलंत. मग बोलून गेलात की तुमच्या डाव्या कानात वीस वर्षं एक शिट्टी वाजतेय, झोपेतसुद्धा. ड्रमरनं त्यानंतर इअरप्लगशिवाय वाजवलेलं नाही, दादा. तालमीतसुद्धा नाही.

कार्यक्रमाला एक्केचाळीस माणसं होती. मी मोजली, मी नेहमी मोजते. पहिल्या गाण्यात सवयीनं ताणायला गेले आणि माझाच आवाज दोन्ही बाजूंनी इतका स्पष्ट आला की मी दचकून सैल झाले. तिसऱ्या गाण्यापर्यंत खांदे उतरले होते. आवाज घोगरा होता, वरचे दोन सूर नव्हते, पण जो होता तो माझ्या ताब्यात होता. चौथं गाणं संपल्यावर मी मागे वळून ड्रमरला दोन बोटं दाखवली. काट मारलेली दोन्ही गाणी परत यादीत. त्यातल्या पहिल्याला फक्त आवाज आणि कीज आहेत. मी जवळजवळ बोलल्यासारखी गायले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली तेही ऐकू आलं, ओळीच्या मध्ये मी घेतलेला श्वासही ऐकू आला. गाताना स्वतःचा श्वास ऐकू येणं म्हणजे काय ते मी विसरूनच गेले होते.

संपल्यावर तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. सामान भरायचं होतं, पुढच्या गावाला रात्रीतच निघायचं होतं, तुम्ही केबल गुंडाळत होतात. तरी तेवढ्यातही मला जवळ बोलावून दाखवलंत: एक वेढा वरून, एक आतून, म्हणजे केबलला पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. मग इनपुट लिस्टच्या मागे एक चित्र काढून दिलंत. मंच, मी, माइक, दोन तिरके मॉनिटर, खुर्चीवरचा अँप.

त्यानंतर चार कार्यक्रम झाले. चारही ठिकाणी मी तो कागद दाखवला. तीन ठिकाणी त्याप्रमाणे मांडून दिलं. एका ठिकाणी दुसरा मॉनिटर नव्हता, तिथे एकच तिरका लावला. शेवटच्या दिवशी आवाज दमला होता, पण बसला नाही. गाणं दुसऱ्या कुणाकडे द्यायचा विषय मी काढलेला नाही.

आणखी एक. घरी सामान उघडलं तेव्हा तुमची एक केबल आमच्यात आलेली सापडली, पिवळी टेप लावलेली. इतक्या घाईत तुम्ही ती शोधली असेल, त्याबद्दल माफ करा. काल पार्सल केली आहे. गुंडाळलीय तुम्ही शिकवल्यासारखी, एक वेढा वरून, एक आतून. पोहोचली की कळवा.

तुमची,
त्या बँडची गायिका