कुसुममावशीसाठी

कोथरूड, पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जानेवारीतल्या ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीच्या निमित्ताने मी कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करते आहे. त्यावर परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पैसे गोळा करतेच आहेस तर एखाद्या गरीब पेशंटच्या ऑपरेशनला दे. संशोधनाला देऊन कुणाच्या हातात काय पडणार?" आई मागून म्हणत होती, "आणि त्यासाठी तूच कशाला पाण्यात उडी मारायची?" दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत. फोनवर अशी उत्तरं घाईत होतात, म्हणून लिहिते आहे.

कुसुममावशी गेली १९९६ मध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने. कळंबकडच्या त्या गावात तिचं रक्त जात होतं आणि तिने ते वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. आई, तू तिला बार्शीला दवाखान्यात आणलंस तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. मी दहावीत होते. तिच्यावर उपचार व्हावेत म्हणून तुम्ही दोघांनी पाटल्या मोडल्या, उसनवारी केली, आणि तो सगळा पैसा शेवटच्या चार महिन्यांत गेला. तो खर्च करायलाच हवा होता. पण तिला वाचवू शकेल असा पैसा त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच कुठल्या तरी कामावर खर्च व्हायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.

ती गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १९९९ मध्ये, तिच्याच जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, आपल्या बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था असे तिघे मिळून तो करत होते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकींच्या बाबतीत दहा वर्षांहून जास्त काळ जातो, आणि त्या काळात पेशींमधले बदल सापडले तर ते छोट्याशा उपचाराने काढून टाकता येतात. या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी किती फरक पडतो, हे त्यांनी पाहिलं. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. ज्या गटाची ही तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. आज जगभर या तपासणीची शिफारस होते, त्यामागच्या पुराव्यात आपल्याकडच्या त्या शेतकरी बायका आहेत. मावशीसारख्याच, लाजऱ्या, घरातलं दुखणं घरातच ठेवणाऱ्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल, हे काम सरकार करेल, औषध कंपन्या करतील. कंपन्यांचं एक उदाहरण सांगते. टाटाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या १,६०० रुग्णांवर एक प्रयोग केला. शस्त्रक्रियेच्या जरा आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. हे म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते. एवढ्याने पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आता इतक्या स्वस्त, जुन्या औषधात कुठली कंपनी वर्षानुवर्षं पैसा घालेल? तिला त्यातून मिळणार काय? असे प्रश्न सार्वजनिक संस्थांनाच विचारावे लागतात आणि त्यांना बळ आपल्यासारख्यांनी द्यावं लागतं. म्हणून मी जमवलेले पैसे टाटा मेमोरियलला, संशोधनासाठी म्हणून जाणार आहेत.

आता आईच्या काळजीकडे येते.

जानेवारीत दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर आल्या आल्या ४० किलोमीटर सायकल चालवायची आणि ती ठेवून १० किलोमीटर पळायचं. मध्ये विश्रांती नाही, बूट बदलायला लागणारा वेळही घड्याळात धरतात. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हापासून तिथली अंतरं हीच आहेत.

आई, पाण्यात मी एकटी नसते. जीवरक्षक छोट्या होड्या घेऊन बाजूने चालत असतात. दम लागला तर होडीला धरून थांबता येतं. होडीने पुढे ओढून नेलं नाही तर स्पर्धेतून काढतही नाहीत. डोक्यावर भडक रंगाची टोपी असते, लांबून दिसावी म्हणून. सराव टिळक तलावावर, पहाटेच्या बॅचला. सर फार कडक आहेत. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, कारण मोकळ्या पाण्यात लाटा कुठल्या बाजूने येतील सांगता येत नाही. तळाशी काळी रेघ नसते, भिंत नसते. मान वर काढून लांबचं झाड किंवा इमारत बघत सरळ राहावं लागतं. हे मला सगळ्यात अवघड गेलं आणि आता सगळ्यात आवडतं.

सायकल शनिवारी. उजाडायच्या आधी आम्ही पाच जणी निघतो, खडकवासल्यावरून डोणजे, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत, म्हणजे ४० किलोमीटरच्या वरच. मागे-पुढे दिवे, आणि रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत घरी. हेल्मेटची तर काळजीच करू नकोस. स्पर्धेत हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावला तरी दंड होतो.

महिन्यातून दोनदा सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव करतो. पहिला किलोमीटर मांड्या आपल्या नाहीतच असं वाटतं, मग हळूहळू त्या ताब्यात येतात. पळते मी वेताळ टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या आवारात. विद्यापीठात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशी तिथे सांभाळल्या जातात. त्यांत हेला नावाच्या पेशी आहेत, १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका अमेरिकन बाईच्या शरीरातून घेतलेल्या. तिला मावशीचाच आजार होता. त्या इमारतीजवळ आले की पाय किती दुखताहेत हे मी मोजत नाही.

पळण्याचा आणि कॅन्सरचा संबंध काय, असंही बाबांनी विचारलं होतं. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा मुलगा होता. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा एक पाय काढावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पाय लावून तो देशाच्या एका टोकापासून पळत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला. मग कॅन्सर फुप्फुसात पसरला, थांबावं लागलं. देशातल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यावा एवढंच त्याचं मागणं होतं. तो जायच्या आधी, १९८१ च्या फेब्रुवारीत, तेवढे पैसे जमले. तो बावीस वर्षांचा होता. लोकांनी पैसे दिले ते तो कष्ट करताना त्यांना दिसला म्हणून. मी नुसता मेसेज पाठवला असता तर ऑफिसमधल्यांनी अंगठा दाखवून पुढे सरकवला असता. आता ते विचारतात, काल किती पोहलीस? आणि मग त्यांच्या घरात कोण गेलं ते सांगतात. प्रत्येकाकडे कुणीतरी आहे.

आई, लोकांपुढे हात पसरणं तुला खटकतंय हे कळतं मला. पण तू नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायला जातेस, तेव्हा तो भवानीच्या नावाने असतो, त्यात तुला कधी कमीपणा वाटला नाही. हेही तसंच. स्वतःसाठी मागायला मला जमलं नसतं.

हिशेबाचं सांगते, कारण बाबा तो विचारणारच. माझ्या खात्यात एक रुपयाही येत नाही. देणारा थेट संस्थेच्या खात्यात भरतो आणि करसवलतीची पावती त्याच्या नावावर येते. स्पर्धेची फी, सायकल, बूट हे सगळं माझ्या पगारातून.

तुम्ही दोघांनी स्पर्धेला यावं असं फार वाटतं. सकाळी थंडी असते, आईचा स्वेटर आणि कानटोपी आणा. समीर बार्शीला गाडी घेऊन येईल.

त्याआधी तीन कामं करा. वहिनी पस्तिशी ओलांडून पुढे आली, तिला बार्शीतच एचपीव्हीच्या तपासणीला घेऊन जा. ती "मला काय झालंय" म्हणेल. मावशीही तेच म्हणायची. ओवीला अकरावं लागलंय. याच विषाणूवरची लस आता आपल्या पुण्यात, सीरममध्ये बनते आणि ९ ते १४ वयात दिली तर सगळ्यात चांगली. दादाशी मी बोलेन, पण डॉक्टरांना आईने विचारावं. आणि बाबा, तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली असली तरी एकदा तोंड तपासून घ्या.

पैसे पाठवाल तेव्हा तिथे स्वतःचाच पॅन नंबर लिहा. माझा लिहिलात तर पावती माझ्या नावावर येईल.

तुमची लेक,
मंजू