मिश्रीची डबी आणि आईचे दात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

"वय झालं की दात पडायचेच," असं आमच्या घरात सगळेच म्हणत. म्हणून आईचे दात हलायला लागले तेव्हा दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही, मीसुद्धा नाही. आज ती सत्तरीची आहे. खालचे पुढचे चार दात उरलेत. भाकरी आमटीत कुस्करते आणि जवळजवळ न चावताच गिळते. लग्नाकार्यात पदर तोंडावर धरून बसते, ते मला बघवत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात एक्स-रे दाखवला. दात किडलेले फारसे नव्हतेच, त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलं होतं. पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा रोग. नुसत्या वयानं असं होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आईला मिश्री लग्नाआधीपासूनची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तेव्हा घरभर ठसका लागायचा. मग ती बारीक करून डबीत भरायची. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं ती आजही म्हणते. मिश्रीनं दात घट्ट राहतात, हा तर गावातल्या निम्म्या बायकांचा समज. हा समज कुठून आला, ते आता कळलं. तंबाखूनं हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत रोग वाढत असला तरी रक्त फारसं येत नाही आणि बाईला वाटतं, हिरड्या ठणठणीत आहेत. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली, पण चुलीवरच्या तव्याला कसली बंदी?

त्यात आईला बारा वर्षांपासून साखर आहे. साखर वाढली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येत नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही तिचं रक्त तपासून आणत होतो. एवढ्या वर्षांत एकाही डॉक्टरांनी तिला "आ करा" म्हटलं नाही. बी.पी.च्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की दातांची मुळं लवकर किडतात, हेही कुणी सांगितलं नाही. रात्री जीभ टाळूला चिकटते म्हणून ती पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपायची. आम्हाला वाटायचं, उन्हाळा आहे. आता चावता येत नाही म्हणून चहा-बिस्किटांवर भागवते आणि साखर पुन्हा वर.

जपानमध्ये १९८९ पासून 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीम चालू आहे. आपल्याकडे तर नवी यंत्रणाही उभारायला नको. तिशीपुढच्या माणसांची बी.पी., साखर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. त्यासाठी तोंड उघडून बघतातच ना? मग तेव्हाच हिरड्या बघाव्यात आणि दात हलतोय का, मिश्री लावता का, हे दोन प्रश्न विचारावेत. आशाताईंच्या फॉर्मवर त्यासाठी दोन रकाने वाढवावेत. ज्याला साखर निघेल, त्याला दातांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यावी. तालुक्याच्या ठिकाणी कवळीही फुकट नाही तरी परवडेल अशा दरात मिळावी. हे आपल्या वृत्तपत्रानं आरोग्य खात्यापर्यंत पोहोचवावं, ही कळकळीची विनंती.

माझी वहिनी चाळिशीची आहे. तिचे सगळे दात शाबूत आहेत आणि तिची डबी आईच्या डबीशेजारी, त्याच कोनाड्यात असते.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा